संदर्भनिर्देशांची गणना आणि वाचन : वाराणसीतील काळा-आजार संशोधनाच्या निमित्ताने

वैद्यकातील एका संशोधकाची प्रकाशनसूची हा तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवण्याचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका हा लेख हाती घेणाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या मापाने ही सूची मोजली जाते, ते माप आता आपल्याही दारी आले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांद्वारे अध्यापकांची नियुक्ती व पदोन्नती यांसाठी शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन लागू केले. पुढे 'केअर' या नावाने मान्य नियतकालिकांची यादी सिद्ध केली आणि २०२५ मध्ये ती यादी बंदही केली. या सर्व काळात मराठीच्या अध्यापकाला 'तुमच्या लेखांचे संदर्भ किती जणांनी घेतले?' हा प्रश्न वरचेवर ऐकावा लागला. या प्रश्नाचा उगम कोठे आहे, तो ज्या क्षेत्रात जन्मला तेथे तरी तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पाहिल्याशिवाय त्याचा स्वीकार वा धिक्कार करणे दोन्ही उतावळेपणाचे ठरेल. प्रस्तुत लेखात त्यासाठी एकच उदाहरण घेतले आहे : काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आयुर्विज्ञान संस्थेतील प्राध्यापक डॉ. श्याम सुंदर यांचे काळा-आजारावरील संशोधन. हे उदाहरण घेण्याचे कारण असे की, निर्देशसंख्येचे माप जेथे जास्तीत जास्त अनुकूल ठरावे असे हे क्षेत्र आहे. तेथेच त्याची मर्यादा दिसली, तर इतरत्र ती दाखवण्याचे श्रम वाचतील.

प्रथम परिभाषेविषयी. साहित्यसमीक्षेत आपण 'अवतरण' देतो. म्हणजे दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे आणतो, कारण आपला विचारविषय ते शब्दच असतात. वैद्यकीय शोधनिबंधात अवतरण जवळजवळ नसते. तेथे एक विधान असते आणि त्याच्या डोक्यावर एक बारीक आकडा. तो आकडा शेवटच्या यादीतील एका निबंधाकडे बोट दाखवतो. तीनचारशे रुग्णांवर काही वर्षे चाललेले काम अशा रीतीने अर्ध्या ओळीच्या विधानात आणि एका आकड्यात मावते. याला येथे 'संदर्भनिर्देश' असे म्हटले आहे आणि एखाद्या निबंधाकडे अशी जेवढी बोटे वळली त्यांच्या बेरजेला 'निर्देशसंख्या'.

या बेरजेची कल्पना विज्ञानात निर्माण झालेली नाही, ती न्यायव्यवहारातून आली. अमेरिकेत १८७३ पासून 'शेपर्ड्स सायटेशन्स' नावाची सूची निघू लागली. एखाद्या न्यायनिर्णयाचा पुढे कोणकोणत्या निर्णयांत उल्लेख झाला, हे वकिलास तीत पाहता येत असे. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून विज्ञानासाठी तशीच सूची करण्याची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. या संक्रमणात एक गोष्ट मात्र गळून पडली, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची होती. शेपर्डच्या सूचीत प्रत्येक उल्लेखापुढे एक खुणेचे अक्षर असे : पूर्वीचा निर्णय अनुसरला, की वेगळा ठरवून बाजूला ठेवला, की रद्दबातल केला, हे त्यावरून कळे. रद्द झालेल्या निर्णयाचा आधार घेऊन न्यायालयात उभे राहणे वकिलास परवडणारे नव्हते, म्हणून ती खूण आवश्यक होती. विज्ञानाच्या सूचीत खूण नाहीशी झाली आणि उल्लेख तेवढा उरला. मान्यता, दुरुस्ती आणि खंडन तिन्ही एकाच भावाने मोजली जाऊ लागली.

पुढील मापे याच बेरजेवर उभारलेली आहेत. नियतकालिकाचा प्रभावांक म्हणजे मागील दोन वर्षांत त्यात छापलेल्या लेखांना चालू वर्षी मिळालेले निर्देश भागिले त्या लेखांची संख्या. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक व्यक्तीला लागू होतो. एखाद्याच्या पाच निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ६, ४ आणि १ असे निर्देश मिळाले असतील, तर किमान चार निर्देश मिळालेले निबंध चार आहेत. म्हणून त्याचा निर्देशांक ४. पहिल्या निबंधाचे ४० च्या जागी ४०० झाले तरी निर्देशांक ४ च राहतो. स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि गूगल स्कॉलर या तीन साधनांत एकाच व्यक्तीचे आकडे वेगवेगळे येतात, कारण प्रत्येकाने काय मोजावे याच्या सीमा निराळ्या आहेत. यापलीकडे या मापांच्या गणितात शिरण्याचे कारण नाही.

कोणी कोणाचा उल्लेख केला यावरून विद्येचा इतिहास लावण्याची पद्धत मात्र आपल्याला परकी नाही. विशेषतः वाराणसीत बसून तर तसे म्हणताच येणार नाही. पैठणहून काशीस आलेल्या भट्ट घराण्याचेच पाहा. नारायणभट्ट, त्यांचे नातू कमलाकरभट्ट आणि कमलाकरांचे पुतणे विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट यांच्या ग्रंथांत पूर्वसूरींचे उल्लेख जागोजाग आहेत. कमलाकरांचा 'निर्णयसिंधु' (१६१२) तर उल्लेखांचे अरण्यच म्हणावा लागेल. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'च्या पाच खंडांत असंख्य ग्रंथकारांचे काळ याच साधनाने ठरवले : अमुक ग्रंथात तमुकाचा उल्लेख आहे, म्हणून तमुक त्याच्या आधीचा, आणि ज्या ग्रंथात अमुकाचा उल्लेख आहे, तो त्याच्या नंतरचा. भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी हस्तलिखितांच्या आधारे हेच काम बारकाईने पुढे नेले. संदर्भनिर्देशांच्या जाळ्यावरून डीएनएच्या शोधाचा इतिहास रेखता येतो, असे गारफील्ड यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले, तेव्हा काण्यांचे काम संपून दोन वर्षे झाली होती. मात्र काण्यांनी उल्लेख मोजले नाहीत, ते वाचले. 'इति केचित्' म्हणून नाव न घेता केलेला उल्लेख, आदराने नाव घेऊन केलेला आणि नाव घेऊन खोडून काढण्यासाठी केलेला, यांतील भेद त्यांनी पदोपदी नोंदवला. हाच भेद मनात ठेवून आता मूळ उदाहरणाकडे वळता येईल.

काळा-आजार हे नाव मराठी वाचकास भाषांतराविना कळते. 'आजार' हा फारसी शब्द आपण आणि उत्तर हिंदुस्थानाने एकाच ठिकाणाहून उचलला. वाळूमाशीच्या दंशातून शरीरात शिरणारे परजीवी जंतू प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जा यांत वाढतात. दीर्घकाळ ताप येतो, प्लीहा फुगते, रक्त आटते आणि उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतो. भारतात या रोगाचे मुख्य क्षेत्र बिहार असून झारखंड, पश्चिम बंगाल आणि पूर्व उत्तर प्रदेश येथेही तो आढळतो. महाराष्ट्रात त्याचे क्षेत्र नाही. त्यामुळे मराठीत या विषयावर लेखन अल्प आहे. डॉ. श्याम सुंदर यांचे प्रयोगक्षेत्रही वाराणसी नव्हे, तर बिहारमधील मुझफ्फरपूर येथे त्यांनी उभारलेले काळा-आजार संशोधन केंद्र आहे. निबंधांवर पत्ता मात्र वाराणसीचा छापला जातो. प्रकाशनसूचीच्या भूगोलात विद्यापीठ दिसते आणि जेथे रुग्ण आहे ते गाव दिसत नाही, ही या वाङ्मयप्रकाराची एक रूढीच आहे.

या रोगाच्या उपचारांचा इतिहास कलकत्त्यात सुरू होतो. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या सुमारास युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचे संयुग सिद्ध केले आणि १९२२ मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते. अँटिमनीच्या संयुगांवरच पुढे सात-आठ दशके भारतातील उपचार चालले. डॉ. श्याम सुंदर यांची प्रकाशनसूची वाचू लागलो की तिचा आरंभीचा भाग या वारशाशी झालेल्या दीर्घ वादासारखा दिसतो. अँटिमनी गुणकारी ठरेनासे झाले आहे, ही तक्रार बिहारमधील वैद्यकांना नवी नव्हती. परंतु तक्रार आणि संदर्भनिर्देश करण्याजोगे विधान यांत अंतर असते. 'क्लिनिकल इन्फेक्शस डिसीझेस' या नियतकालिकात २००० साली आलेल्या त्यांच्या निबंधाने ते अंतर मिटवले. पूर्ण मात्रेत तीस दिवस अँटिमनी दिलेल्या रुग्णांपैकी बिहारमध्ये दीर्घकाळ टिकणारा गुण सुमारे ३५ टक्क्यांनाच आला. शेजारच्या उत्तर प्रदेशात तोच आकडा सुमारे ८६ टक्के होता. दोन आकडे शेजारी ठेवल्याने जे साधते, ते तौलनिक पद्धतीच्या अभ्यासकास वेगळे सांगायला नको. एकट्या ३५ टक्क्यांवर 'औषध भेसळीचे असेल', 'मात्रा चुकली असेल' असे आक्षेप घेता आले असते. तेच औषध, तीच मात्रा, सीमेपलीकडे गुण येतो आणि अलीकडे येत नाही, या तुलनेने ते आक्षेप बोथट झाले. या निबंधाला मिळालेल्या निर्देशांपैकी मोठा भाग एकाच प्रकारच्या वाक्यात येतो : 'बिहारमध्ये अँटिमनी निष्प्रभ झाले असल्याने...'. म्हणजे नव्या औषधाच्या प्रत्येक कथेचा तो उपोद्घात होऊन बसला आहे.

त्याआधी १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निदानाविषयीचा निबंध आला होता. पूर्वी निश्चित निदानासाठी प्लीहेत सुई घालून द्रव काढावा लागे. हे काम धोक्याचे असून खेड्यातील दवाखान्यात करता येण्याजोगे नव्हते. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर आरके-३९ नावाच्या प्रतिजनाच्या पट्टीने निदान करता येते, हे या निबंधाने दाखवले. पट्टी आज सर्वपरिचित आहे. ती वापरणारा आरोग्यसेवक निबंध लिहीत नाही, म्हणून त्याचा वापर कोणत्याही बेरजेत येत नाही.

पुढील दशकातील तीन निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. २००२ : मूळ कर्करोगासाठी तयार झालेले मिल्टेफोसीन हे तोंडाने घ्यावयाचे औषध, २९९ रुग्णांत ९४ टक्के गुण, तर शिरेतून दिलेल्या अँफोटेरिसिन-बी या औषधाचा गुण ९९ रुग्णांत ९७ टक्के. २००७ : पॅरोमोमायसिनचे इंजेक्शन; ९४.६ टक्के, तुलनेच्या औषधास ९८.८ टक्के. २०१० : अँफोटेरिसिनला मेदकणांत बसवून तयार केलेले 'लायपोसोमल' रूप, एकच मात्रा, ९५.७ टक्के, तर जुन्या रूपाच्या एक दिवसाआड दिलेल्या पंधरा मात्रांना ९६.३ टक्के. आकड्यांकडे नीट पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. तिन्ही ठिकाणी 'नवे' औषध जुन्याहून किंचित कमीच आहे, आणि तरीही तिन्ही निबंध यशाचे मानले गेले. याचे कारण त्यांचा दावाच 'अधिक चांगले' असा नसून 'स्वीकार्य मर्यादेपेक्षा कमी नाही' असा आहे. वैद्यकीय चाचण्यांच्या या प्रकारात श्रेष्ठता सिद्ध करायची नसते. उणेपण ठरलेल्या मर्यादेत आहे एवढेच दाखवायचे असते. खरी तुलना दुसऱ्याच कोष्टकात असते. पंधरा मात्रांसाठी रुग्णाने २९ दिवस रुग्णालयात पडून राहायचे, आणि एका मात्रेनंतर चोवीस तासांत घरी जायचे. मजुरी बुडवून महिनाभर खाटेवर राहणे म्हणजे काय, हे ज्या समाजात हा रोग आहे त्याला समजावण्याची गरज नाही. ०.६ टक्के आणि २८ दिवस यांच्या तराजूत निबंधाचे सारे महत्त्व आहे. निर्देशसंख्येत यांपैकी काहीच उमटत नाही.

तिसरा निबंध फेब्रुवारी २०१० चा. त्याच वर्षी मार्चमध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने भारतीय उपखंडासाठी या औषधाची एकच मात्रा हा पहिल्या पसंतीचा उपचार म्हणून सुचवला आणि २०१४ मध्ये भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने तो स्वीकारला. औषध महाग होते. उत्पादक कंपनीशी झालेल्या कराराने ते आरोग्य संघटनेमार्फत दान म्हणून मिळू लागले, तेव्हाच हे शक्य झाले. निबंध, समितीचा अहवाल, करार आणि शासकीय आदेश अशी ही साखळी आहे. तिच्यातील पहिलीच कडी सूचीत मोजली जाते.

या सूचीतील आमच्या दृष्टीने सर्वांत वाचनीय नोंद मात्र २०१२ ची आहे. मिल्टेफोसीनच्या दहा वर्षांच्या वापरानंतर ते अद्याप किती गुणकारी आहे, याची तपासणी त्याच संशोधकगटाने केली. ५६७ रुग्णांत गुणाचे प्रमाण ९०.३ टक्क्यांवर उतरले होते आणि ६.८ टक्के रुग्णांत रोग उलटला होता. ज्या औषधाने आपले नाव जगभर नेले, त्याची झीज स्वतःच मोजून जाहीर करणे हे प्रत्येक क्षेत्रात घडतेच असे नाही. साहित्यात स्वतःच्या पूर्वमताचे असे जाहीर मर्यादांकन किती समीक्षकांनी केले, याची यादी करू लागल्यास ती फार लांबेल असे वाटत नाही. आता २०१२ च्या निबंधाने २००२ च्या निबंधाचा जो निर्देश केला, तो सूचीत कसा मोजला जातो? अधिक एक असा. आणि तो स्वनिर्देश असल्यामुळे कडक मोजणीत तो वगळलाही जातो. म्हणजे हा उल्लेख एकतर मान्यतेत जमा होतो, नाहीतर आत्मस्तुती समजून काढून टाकला जातो. त्याचा खरा अर्थ दुरुस्ती हा आहे आणि त्यासाठी रकानाच नाही. शेपर्डच्या सूचीतील ते हरवलेले अक्षर येथे हवे होते.

स्वनिर्देशाविषयी आणखी एक सांगणे प्राप्त आहे. हा रोग मूठभर जिल्ह्यांत आणि त्याचे मोठ्या प्रमाणावर प्रयोग करणारी केंद्रे त्याहून थोडी. न्यूयॉर्कमधील हेन्री मरी यांच्यासारखे दीर्घकाळचे सहलेखक आणि वाराणसीतील जया चक्रवर्ती यांच्यासारखे सहकारी यांची नावे अनेक निबंधांवर पुन्हापुन्हा येतात. असे लहान वर्तुळ एकमेकांचाच उल्लेख करणार, दुसऱ्या कोणाचा करणार? उलट, नाव एकदा प्रतिष्ठित झाले की, समान योग्यतेच्या दोन निबंधांपैकी परिचित नावाचाच निर्देश होतो, या प्रवृत्तीकडे रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये लक्ष वेधले होते. काळा-आजाराच्या क्षेत्रातही ती नसेल असे मानण्यास आधार नाही.

नावाचा विषय निघाला आहे, तर एक विषयांतर. 'श्यामसुंदर' हे एकच नाव आहे. ते दोन शब्दांत लिहिले गेले की पाश्चात्त्य सूचीत उत्तरपद आडनाव ठरते आणि संशोधक 'सुंदर एस.' होतो. मग दक्षिणेतील ज्यांचे नावच सुंदर आहे आणि आद्याक्षर एस. आहे, अशा अनेकांत त्याची सरमिसळ होते. एकाचे निबंध दुसऱ्याच्या खाती जाण्याची शक्यता निर्माण होते. २०१२ पासून संशोधकांना 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी क्रमांक देण्याची व्यवस्था झाली ती यासाठीच. मराठीच्या अभ्यासकास ही अडचण ऐकून मौज वाटेल. नामदेवांच्या गाथेतील कोणते अभंग नामदेवांचे आणि कोणते विष्णुदास नाम्याचे, यावर आपण पिढ्यानपिढ्या काथ्याकूट करीत आलो आहोत, आणि नाम्याला सोळा अंकी क्रमांक देण्याची सोय नव्हती. आपण तो प्रश्न सोडवतो तो शैली, शब्दकळा आणि उल्लेखिलेल्या घटना वाचून.

आता या मापाचा सर्वांत मोठा विरोधाभास. भारत, नेपाळ आणि बांगलादेश या तीन देशांनी २००५ मध्ये काळा-आजाराच्या निर्मूलनाचा करार केला. भारतापुरते उद्दिष्ट असे की, प्रत्येक प्रभागात दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण असावेत. मुदत २०१५ ची होती; ती पुढे ढकलावी लागली. परंतु भारतात २००७ मध्ये ४४ हजारांहून अधिक असलेली रुग्णसंख्या २०२३ मध्ये सहाशेच्या आत आली. त्याच वर्षी बांगलादेशाच्या निर्मूलनावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केले. याचे श्रेय एका व्यक्तीला वा एका औषधाला देणे अयोग्य होईल. कीटकनाशकांची फवारणी, पट्टीने होणारे निदान, गावोगावच्या आशा कार्यकर्त्या आणि रोगाचे स्वतःचे चढउतार या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण रुग्णच उरले नाहीत तर चाचण्या होणार नाहीत, चाचण्या नाहीत तर निबंध नाहीत, आणि निबंध नाहीत तर जुन्या निबंधांकडे वळणारी बोटेही नाहीत. संशोधन पूर्णपणे सफल झाल्यास त्याची निर्देशसंख्या थांबावी, हीच त्याची स्वाभाविक गती आहे. मधुमेहावरील संशोधकास ही भीती नाही. त्याचा विषय संपणारा नाही. दोघांना एका गजाने मोजणे म्हणजे विहीर खणणाऱ्याला आणि रहाट ओढणाऱ्याला रोजच्या घागरींवरून मजुरी देण्यासारखे आहे.

ही गोष्ट केवळ विद्यापीठीय संशोधकांची नाही. महाड येथे विंचूदंशावर काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण मराठी वाचकास जवळचे आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर होणाऱ्या परिणामांविषयी त्यांचा निबंध १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध या दंशावर उपयोगी पडते, हे सांगणारा निबंध तेथेच १९८६ मध्ये. आणि प्रतिविष व प्राझोसिन एकत्र देण्याची चाचणी, पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह, २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये. विंचू जेथे चावतो तेथे प्रयोगशाळा नसतात आणि प्रयोगशाळा जेथे असतात तेथे विंचू चावत नाही. त्यामुळे अशा विषयाचा निर्देश करणारे जगात थोडेच असणार. रायगड जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिनची गोळी देणारा वैद्यकीय अधिकारी मात्र, 'लॅन्सेट' त्याने कधी पाहिला नसला तरी, त्या निबंधाचा वाचकच म्हणावा लागेल.

मराठीच्या अभ्यासकाची स्थिती या दोघांहून अधिक बिकट आहे हे खरे, परंतु तिचे स्वरूप निराळे आहे. वैद्यकातील निबंध इंग्रजीत असतो, नियतकालिकात असतो आणि दोन-पाच वर्षांत त्याचा निर्देश होतो. मराठी संशोधन ग्रंथरूपाने येते, संपादित खंडांत विखुरते, आणि त्याचा उल्लेख एखाद्या प्रस्तावनेत वीस वर्षांनी होतो. आंतरराष्ट्रीय सूच्यांत मराठी नियतकालिके जवळजवळ नाहीत. जेथे मोजणाराच पोहोचलेला नाही, तेथे बेरीज शून्य येते, आणि ते शून्य पुढे गुणवत्तेचे शून्य म्हणून वाचले जाते. संशोधनाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या प्रभावांकावरून करू नये, अशी भूमिका सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्याने २०१२ मध्येच घेतली, आणि स्थानिक भाषांतील संशोधनाचे जतन व्हावे असे २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने स्पष्ट म्हटले. हे दोन्ही जाहीरनामे प्रामुख्याने विज्ञानाचे अभ्यासक, संपादक आणि मापनतज्ज्ञ यांच्याकडून आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे; मापाचा जाच प्रथम त्यांनी सोसला होता. आपल्याकडून अशा चर्चेत जी भर पडू शकते ती निषेधाची नसून कौशल्याची आहे : एका निर्देशाने त्या वाक्यात नेमके काय काम केले, हे वाचून सांगण्याची. पंधरा-वीस प्रमुख निबंध घेऊन त्यांच्याकडे वळलेली काही शे वाक्ये वाचून वर्गवारी लावणे हे एका प्रबंधाचे काम आहे, आणि ते वैद्यकाच्या अभ्यासकापेक्षा टीकाग्रंथ वाचण्याची सवय असलेल्यास अधिक सुलभ जावे.

निर्देशाचा शेवटचा टप्पा मर्टन यांनी सांगून ठेवला आहे : एखादी गोष्ट इतकी सर्वमान्य होते की तिच्या कर्त्याचा निर्देश करण्याची गरजच कोणाला वाटत नाही आणि नाव ज्ञानात विरून जाते. विल्यम लिशमन आणि मद्रासचे चार्ल्स डोनोव्हन यांनी १९०३ मध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने, या रोगाच्या जंतूंविषयीचे आपले टिपण 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रोनाल्ड रॉस यांनी दोघांचीही नावे एकत्र गुंफून जंतूला 'लिशमानिया डोनोव्हानी' हे नाव दिले. त्या टिपणांचा संदर्भनिर्देश आज क्वचितच कोणी करतो. प्लीहेच्या वा अस्थिमज्जेच्या द्रवाची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून झाल्यावर प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ अहवालाच्या चिठ्ठीवर 'एल. डी.' अशी दोन अक्षरे लिहितो, पुढे अधिकाची वा उणेची खूण करतो, आणि पुढची काच घेतो.